यादीतलं शेवटचं नाव

फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटवलेली होती. साडेसहाला जेवण, सातला आंघोळ, सव्वासातला दात, सात वीसला पुस्तक (एकच, कितीही रडारड झाली तरी एकच) आणि सात पस्तीसला 'घर झोपवणे'. अक्षर नवऱ्याचं होतं, निळ्या पेनातलं, आणि 'एकच'खाली त्याने दोनदा रेघ मारली होती. त्याला जाऊन आठ महिने झाले होते. कागदाचे कोपरे वाफेने वर आले होते, चिकटपट्टी दोनदा बदलून झाली होती, पण सात पस्तीसला घर झोपवलं नाही अशी एकही संध्याकाळ गेली नव्हती.

घर झोपवणे हा त्याचाच शोध. थोरली मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडल्यापासून जो सुरू व्हायचा तो थांबायचं नाव घ्यायचा नाही, म्हणून तिला टिमकी म्हणत. धाकटा दोन वर्षांचा, अंगाने भरलेला आणि स्वभावाने गप्प. त्याचं नाव ढब्बू. ढब्बू अजून एक शब्द बोलला नव्हता, ऐकायचा मात्र सगळं. नवरा ढब्बूला खांद्यावर घ्यायचा, टिमकीचं बोट धरायचा आणि घरभर फिरत एकेका वस्तूला झोपवायचा. "फ्रिज, झोप. नळा, झोप. खिडकी, झोप. दारा, झोप." मुलं पांघरुणात गेली की पलंगाशेजारच्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसून, "ढब्बू, झोप. टिमकी, झोप." शेवटची दोन नावं टिमकीच्या वाटणीची. ती म्हणायची, "आई, झोप." दारात उभी असलेली आई म्हणायची, "आधी बाबा." स्टुलावरून उत्तर यायचं, "आधी तू." मग टिमकी दोघांचं भांडण मिटवत म्हणायची, "बाबा, झोप," आणि यादी संपायची. अर्थात दोघांपैकी कुणीच झोपायचं नाही. मुलांचे डोळे मिटले की दोघं स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्याउभ्या जेवायची.

एकदाच तो 'आधी तू' म्हणाला नाही. दिवसभर दमला होता. "बरं," म्हणाला, "आधी मी," आणि भिंतीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले. तिला हसू आलं. झोपू दे बिचाऱ्याला, असं मनाशी म्हणून तिने दिवा मालवला आणि ती जेवायला बसली. तासाभराने उठवायला गेली, तेव्हा तो उठला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. तिने तो कागद तीनदा वाचला.

सगळं तीनदा करायची तिला सवयच होती. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. ठिकठिकाणच्या नळांचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचं आणि प्रत्येक बाटलीवर वेळ, तारीख आणि तिची सही पडायची. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना ती पहिल्याच दिवशी बजावायची, की एकदा आलेला आकडा योगायोग समजा, दुसऱ्यांदा आला तर शंका घ्या, आणि तिसऱ्यांदा आल्याशिवाय वहीत लिहू नका. या नियमापायी तिने वरिष्ठांशीही वाद घातले होते आणि दरवेळी तीच बरोबर ठरली होती.

तो गेल्यावर यादी टिमकीने हातात घेतली. फ्रिज, नळ, खिडकी, दार, ढब्बू, आई. आणि मग रिकाम्या स्टुलाकडे बघून, जराही आवाज न बदलता, "बाबा, झोप." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आई तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. त्यानंतर रोज ते नाव यायच्या आधी तिला नळाशी काहीतरी काम निघायचं. टिमकीला तिने कधी अडवलं नाही. स्वतः ती ओळ म्हणणं मात्र तिच्याने एकदाही झालं नाही.

तंबू दिला नणंदेने. नवऱ्याची मोठी बहीण ती, तिचाही भाऊच गेला होता, पण रडून झालं की उठून भांडी घासायला लागणाऱ्यांतली.

"आरशात बघितलंस का स्वतःला?" नणंद म्हणाली. "नुसता सांगाडा राहिलाय. घड्याळाच्या काट्यावर नाचतेस रोज. चार दिवस पोरांना घेऊन कुठंतरी मोकळ्यावर जा. झोपतील तेव्हा झोपतील."

"आणि यादी, ताई?"

"यादी घरीच ठेव. ती फ्रिजची आहे."

त्यावर दोघी हसल्या, आणि हसता हसता नणंदेने डोळे पुसले.

*

मैदान तळ्याकाठी होतं. एका बाजूला उंच झाडं, मध्ये गवत, कडेला न्हाणीघरं आणि एक सार्वजनिक नळ. शाळांना सुट्ट्या लागायच्या होत्या, त्यामुळे एवढ्या मोठ्या मैदानात त्यांचा एकच तंबू. फाटकाशी राखणदाराची खोली होती. तो पूर्वी पोस्टमन होता. पाय थकल्यावर बसून करायची नोकरी धरली, असं त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

"नळ ठिबकतो तो," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. तीन मिस्त्री हात टेकून गेले. आवाजाची सवय होईल तुम्हाला."

तंबू उभा करताना तिच्या नाकी नऊ आले. टिमकी प्रत्येक खुंटीला नाव ठेवत होती आणि ढब्बू ठेवलेलं नाव ऐकून खुंटी उपटत होता. घडीची खुर्ची गाडीतून काढताना मोडली. बसायला उरलं ते मुलांच्या खोलीतलं बुटकं स्टूल. सामान भरताना तेही गाडीत कधी आलं ते तिला आठवेना, सवयीने उचललं असेल. त्याचा एक पाय ढिला होता. बसताना ते गप्प असायचं, उठताना करकरायचं. नवरा मुलांना झोपवून त्यावरून उठायचा तेव्हा अर्धा मिनिट घ्यायचा, आवाज होऊ नये म्हणून. तरी व्हायचाच.

छोट्या शेगडीवर तिने बटाटे उकडले, अंडी उकडली. मुलांनी गवतात बसून हाताने खाल्लं. साडेसहा, सात, सव्वासात. आंघोळ नाही, दात नाही, पुस्तक नाही. दिवस मोठे होते, मावळतीचा उजेड अजून झाडांच्या शेंड्यांवर होता. तिने दोन पेले काढले, एक परत पिशवीत ठेवला आणि चहा करून घेतला. मुलं धावत होती, पडत होती, पुन्हा धावत होती. कुणीही त्यांना थांबवत नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. आणि खांदे खाली आल्यावर तिला इतकं एकटं वाटलं, की चहा तसाच हातात राहिला. हे सांगायला कुणी नव्हतं. बघ, आज मी पोरांना मोकाट सोडलंय, असं ज्याला चिडवायचं, तोच नव्हता.

ढब्बू धावता धावता बसला. बसला तो आडवाच झाला. ती उठून जाईपर्यंत टिमकी म्हणाली, "आई, त्या झाडाच्या मागे ना एक," आणि वाक्य अर्धवट टाकून तीही गवतात कलंडली. दोघं गाढ झोपली होती. घरी यांना झोपवायला तास लागायचा. तिने घड्याळात बघितलं. सात बेचाळीस.

एकेकाला उचलून तिने तंबूत नेलं. किती सोपं होतं हे, असं तिला वाटलं. उगाच आठ महिने जिवाचा आटापिटा केला. मुलांच्या मधोमध ती आडवी झाली आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की बाहेर अगदी शांत आहे.

*

रोज पावणेसहाला डोक्यावर बसणारी मुलं साडेआठला उठली. ती तोवर तीनदा त्यांच्या नाकाशी बोट धरून आली होती.

राखणदार पाव आणि दूध घेऊन आला. देऊन झाल्यावरही तिथेच घुटमळला.

"तो नळ कुणी दुरुस्त केला हो?" त्याने विचारलं. "काल संध्याकाळपासून थेंब नाही. तुमच्या मिस्टरांनी केला का?"

"मिस्टर नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे, आम्ही तिघंच आहोत."

"असं होय." त्याने टोपी काढली, परत घातली. "मला वाटलं, नळाशी कुणीतरी बोलत होतं. मी आपला खिडकीत होतो. लांबून काय कळणार."

तो गेल्यावर ती नळापाशी गेली. तोटी उघडली, पाणी आलं. बंद केली, थांबलं. नळ नीट बंद होतो, यात घाबरण्यासारखं काडीचंही नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

तो दिवस फार चांगला गेला, तिला तो नंतर नेहमी तसाच आठवायचा. तळ्याच्या काठाला गुडघाभर पाण्यात त्यांनी दगड गोळा केले. ढब्बूने एक दगड तिच्या खिशात टाकला, मग दुसरा, मग इतके की तिची पँट घसरायला लागली आणि तिघं हसत सुटली. दुपारी पाव खाताना टिमकी म्हणाली, "बाबा जागाच आहे."

तिने हातातला पाव खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. आपण त्याला झोपवलं कुठे काल? तू म्हणालीस यादी घरी."

"हो. सुट्टी आहे ना आपल्याला."

"मग त्याने आम्हाला झोपवलं," टिमकी म्हणाली आणि पावातला मऊ भाग ढब्बूला भरवायला लागली.

सव्वासात वाजता तिने घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवलं. कामावर ठेवायची तसं. वही उघडली. स्टूल शेगडीपाशी होतं आणि ती खाली गवतात सतरंजीवर बसली होती. मुलं तंबूच्या दारात खुंट्यांशी खेळत होती. तळ्याच्या कडेला बेडकांचा नुसता गोंधळ चालला होता.

सात पस्तीसला बेडूक थांबले.

एकेक करून थांबले नाहीत, सगळे एकदम थांबले. मग झाडांतली पाखरं. मग तळ्याचं काठाला लागणारं पाणी, चुळुक चुळुक करत होतं तेही. शेगडीची निळी ज्योत खाली खाली गेली आणि विझली. डबीत गॅस होता, तिने हलवून बघितली. शांतता लांबून जवळ येत होती, घरभर फिरत कुणी मुलांच्या खोलीपर्यंत यावं तशी. ढब्बूने हातातली खुंटी सोडली आणि तो आडवा झाला. टिमकीने आईकडे बघून हात हलवला, निरोप घेतल्यासारखा, आणि तीही आडवी झाली.

सात एक्केचाळीस. सात बेचाळीस.

ती तशीच बसून राहिली. यादीत पुढचं नाव तिचं होतं. सगळं अंग कान करून ती वाट बघत होती, आणि ती नुसती भीतीने नव्हे. ते नाव आलं नाही. खूप वेळाने स्टूल करकरलं, एकदाच. तिने मान वळवली. स्टूल शेगडीपाशी नव्हतं. तंबूच्या दाराशी होतं.

*

सकाळी मुलं उठेनात. नऊ वाजले, दहा वाजले. तिने हाका मारल्या, गालावर गार पाणी लावलं, पाय चोळले. बाराच्या सुमारास टिमकीने डोळे उघडले आणि ढब्बूने अर्धे. दोघं दूध प्यायली, पण त्यांच्या माना ठरत नव्हत्या. टिमकी दिवसभरात मोजून दहा-बारा वाक्यं बोलली.

ठरल्याप्रमाणे त्या दुपारी त्यांना घरी निघायचं होतं. तिने पिशव्या भरल्या. तंबूची पहिली खुंटी हातात धरली. आणि तशीच बसून राहिली.

दोनदाच झालंय, असं ती स्वतःला म्हणाली. दोन आकड्यांवर कुणी काही ठरवतं का? मुलांना दिवसभर ऊन लागलं असेल, पाण्यात खेळून दमली असतील. खुंटी तिने परत जमिनीत दाबली. प्रयोगशाळेत ज्या नियमाने तिला नाव मिळवून दिलं होतं, त्याच नियमाचा तिने आडोसा केला, आणि तो आडोसा आहे हेही तिला कळत होतं. खरं एवढंच होतं की काल तिचं नाव यायचं राहिलं होतं. ते ऐकल्याशिवाय तिचा पाय तिथून निघत नव्हता. आठ महिन्यांत तिला त्या आवाजात कुणी हाक मारली नव्हती.

"आणखी एक दिवस राहतो," तिने राखणदाराला सांगितलं.

तो खिडकीत उभा होता. "राहा की," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी आज संध्याकाळी गावात जाऊन येतो. काल साडेसातला खुर्चीतच डोळा लागला माझा. चहाचा कप हातात, आणि उठलो ते सकाळी. असं कधी होत नाही माझं."

सात वाजता तिने मुलांना जवळ घेतलं. सव्वासातला टिमकी म्हणाली, "आई, मी यादी म्हणू?"

तेव्हाच हो म्हणायला हवं होतं.

"आज नको," ती म्हणाली. "आज राहू दे."

सात पस्तीसला बेडूक थांबले. पाखरं थांबली. पाणी थांबलं. तळं काचेसारखं सपाट झालं. झाडांच्या शेंड्यांवर मावळतीचा उजेड होता आणि एक पान हलत नव्हतं. समोर ठेवलेल्या घड्याळाचा काटा सात एक्केचाळीसवर येऊन थांबला.

ढब्बूचं डोकं तिच्या मांडीवर पडलं. मग टिमकीचं.

स्टूल तिच्या समोर हातभर अंतरावर होतं. ते तिने तिथे ठेवलं नव्हतं.

ती थांबली. काही ऐकू आलं नाही. मग दोन्ही मुलांच्या छातीवर हात ठेवून ती श्वास मोजायला लागली. घड्याळ बंद होतं, म्हणून मनात आकडे म्हणत मोजले. मिनिटाला बारा.

पुन्हा मोजले. नऊ.

"टिमके," तिने हाक मारली. खांद्याला धरून हलवलं. ढब्बूला उचलून उभं केलं, तो तिच्या हातांतून कणकेच्या गोळ्यासारखा खाली आला.

तिने त्याला काखेत मारलं, टिमकीला खांद्यावर टाकलं आणि गाडीपर्यंत धावत गेली. किल्ली फिरवली. साधा कटकन आवाजही झाला नाही. फोनचा पडदा काळा होता. फाटकाशी राखणदाराच्या खोलीला कुलूप होतं. तिने मुलांना परत आणून तंबूत निजवलं आणि तिसऱ्यांदा मोजले.

सहा.

तिसरा आकडा आला होता.

आता तिला सगळं कळलं, आणि कळायला फार काही नव्हतंच. तो त्याचं काम करत होता. झोपवायचं एवढंच त्याला येत होतं, आणि थांब म्हणणारं कुणी नव्हतं. यादी संपायची ती एका नावाने. ते नाव टिमकी घ्यायची, आणि टिमकी झोपली होती.

ती तंबूच्या दारात गुडघ्यांवर बसली. स्टूल समोर होतं.

"ऐक ना," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पोरं झोपली बघ. छान झोपली. आता बास कर."

उजेड शेंड्यांवरून हलला नव्हता.

"तुला थांबवायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "म्हणून मी कधी म्हटलं नाही. रोज नळ सोडून उभी राहायचे. त्या दिवशीही मी दिवा मालवून जेवायला बसले. गरम गरम जेवले मी." तिला रडू फुटलं, ते तिने फुटू दिलं. मग पदर नव्हता म्हणून बाहीने नाक पुसलं. "झोप रे आता. बाबा, झोप."

बराच वेळ काही झालं नाही.

मग, अगदी जवळून, मुलं उठू नयेत म्हणून तो बोलायचा तेवढ्याच आवाजात, "आधी तू."

तोच आवाज होता, यात तिच्या मनात काही शंका राहिली नाही.

तिने मागे हात नेऊन टिमकीच्या छातीवर ठेवला. पाच.

तो 'बरं' म्हणाला होता, तेव्हा काय झालं ते तिला ठाऊक होतं. नणंदेचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. फ्रिजवरची यादी आली. उद्या सकाळी राखणदार पाव घेऊन येईल, हेही मनात आलं.

"बरं," ती म्हणाली. "आधी मी. पण माझ्या मागोमाग तू."

ती मुलांच्या मध्ये आडवी झाली. एक हात इकडे, एक तिकडे. आठ महिन्यांची झोप तिची वाट बघतच बसली होती.

"आई, झोप," तो म्हणाला.

*

"तंबू, ऊठ."

टिमकीचा आवाज होता.

"झाडा, ऊठ." पानं सळसळली.

"बेडका, ऊठ. तळ्या, ऊठ." काठाला पाणी लागलं, चुळुक.

"नळा, ऊठ." लांब कुठेतरी थेंब पडला. मग दुसरा.

"ढब्बू, ऊठ." तिच्या डाव्या हाताखाली काहीतरी वळवळलं आणि उठून बसलं.

"आई, ऊठ."

तिने डोळे उघडले. ते आधीपासून उघडेच आहेत, असं तिला वाटत होतं.

सकाळ झाली होती. तंबूच्या कापडावर पानांच्या सावल्या हलत होत्या. टिमकी मांडी घालून बसली होती, केसांचा पिंजरा झालेला, गाल लाल, कामात असलेल्या माणसासारखी. ढब्बू अंगठा चोखत आईकडे बघत होता. तिने दोघांच्या छातीवर हात ठेवले. भराभरा, वीस, बावीस.

टिमकीने पुढचा श्वास घेतला. यादीत एकच नाव राहिलं होतं.

ते नाव तिला ऐकायचं होतं. जगात दुसरं काही नको होतं, एवढं ऐकायचं होतं. आणि आज पुन्हा सात पस्तीस वाजणार होते.

तिने टिमकीच्या तोंडावर हात ठेवला.

"बास," ती म्हणाली. "एवढेच."

टिमकीने हाताच्या वरून तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली. बाहेर काही हललं नाही. आता उठायचं, तंबू गुंडाळायचा, घरी जाऊन ती यादी काढून टाकायची. तिने हळूहळू हात काढून घेतला.

ढब्बूने तोंडातून अंगठा काढला. तो तंबूच्या दाराकडे बघत होता. दोन वर्षांत तो एक शब्द बोलला नव्हता, पण ऐकलं सगळं होतं.

"बाबा," तो म्हणाला. अक्षर न् अक्षर स्वच्छ. "ऊठ."

बाहेर स्टूल करकरलं.